दोरीच्या दुसऱ्या टोकाला

एडिनबरोला येऊन मला १९ वर्षे झाली. त्यांपैकी पहिली १३ वर्षे आमच्या गल्लीत मला कोणीही ओळखत नव्हते. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी घरात लॅब्रॅडॉरचे एक पिल्लू आले आणि आठवड्याभरात अख्खी गल्ली मला ओळखू लागली. माझे नाव आजही तिथे कोणाला ठाऊक नाही. परंतु दोरीच्या एका टोकाला तो असला की दुसऱ्या टोकाला लटकणारा गृहस्थ तो मीच, एवढी ओळख मात्र पक्की झाली आहे. पिल्लाचे नाव मुलीने लाडू ठेवले. स्कॉटिश माणूस लहान मुलाला प्रेमाने 'लॅडी' म्हणतो, त्यामुळे आम्ही कौतुकाने कुत्र्याला इथले नाव दिले असा शेजाऱ्यांचा समज झाला आणि आम्हीही तो कधी दुरुस्त केला नाही. पुढे मुलगी शिकायला ॲबरडीनला गेली. लाडू राहिला. आज त्याचे वजन ३४ किलो आहे, आणि "बाबा, त्याला डोंगरावर नेत जा, तो जाड होतोय," ही मुलीची आज्ञा दर रविवारी फोनवरून येत असते. बाबाही जाड होत आहे, याकडे तिचे लक्ष गेलेले नाही.

वास्तविक डोंगरांची भीती मला असण्याचे कारण नव्हते. मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या सावलीत वाढलो, कॉलेजात असताना राजगड आणि हरिश्चंद्रगड केले, कळसूबाईला तर दोनदा जाऊन आलो. कळसूबाई १६४६ मीटर आणि ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेविस अवघा १३४५ मीटर, हा हिशेब मी इथल्या लोकांना संधी मिळेल तेव्हा ऐकवतो. आम्ही लहानपणी मोटारीतून उतरून ज्या विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहायला जात असू, तोसुद्धा बेन नेविसपेक्षा उंच आहे, हेही सांगतो. लोक सभ्य असतात. ते मान डोलावतात आणि लाडूला थोपटतात.

या लोकांचे डोंगरांचे वेड वेगळ्या जातीचे आहे. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली स्कॉटलंडमधील ३००० फुटांवरच्या डोंगरांची यादी प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून अशा प्रत्येक डोंगराला 'मन्रो' म्हणतात. आज ही संख्या २८२ आहे. आपल्याकडे निवृत्त मंडळी जशी बारा ज्योतिर्लिंगे पुरी करायला निघतात, तशी इथली मंडळी वयाच्या पंचविशीपासूनच मन्रो पुरे करायला निघतात आणि घरी भिंतीवर नकाशा लावून त्यात टाचण्या टोचत बसतात. सगळे मन्रो पुरे केलेले कुत्रेसुद्धा आहेत. ही माहिती माझ्या पत्नीने कुठेतरी वाचली आणि त्यानंतर आमच्या घरातही एक नकाशा आला.

पहिला डोंगर निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मी शिहॅलियन निवडला, आणि त्याला शास्त्रीय आधार होता. १७७४ साली ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी पृथ्वीची घनता मोजण्यासाठी हाच डोंगर घेतला होता, कारण तो एकटा उभा आहे आणि त्याचा आकार बऱ्यापैकी सुबक आहे. गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबायला हवा. परंतु शेजारी एवढे मोठे धूड उभे असले की ते ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढून घेते, आणि ती ओढ व डोंगराचे वजन हाती आले की त्यावरून पृथ्वीचा हिशेब मांडता येतो. डोंगराचे वजन काढायला त्याचा आकार कळायला हवा. त्या खटाटोपात चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीच्या जागा रेषेने जोडून पाहिल्या, आणि भूगोलाच्या पेपरात ज्यांनी माझे गुण खाल्ले त्या समोच्चरेषा या डोंगरावरून पुढे आल्या. मॅस्केलिन यांनी इथे सुमारे चार महिने काढले, त्यांतले बरेचसे पावसात आणि ढगात. शेवटी निरोपाच्या मेजवानीत त्यांची झोपडी जळून गेली आणि तिच्याबरोबर एका स्थानिक वादकाचे व्हायोलिनही जळाले. हे सारे मी गाडी चालवताना मोठ्याने सांगत होतो. पत्नी पर्थ येण्यापूर्वीच झोपली होती. मागच्या सीटवरून लाडू मात्र शेवटपर्यंत ऐकत होता.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी घडल्या होत्या, त्या सांगायला हव्यात. पहिली म्हणजे हवामान. इथे डोंगरांसाठी वेगळा अंदाज मिळतो आणि त्यात मन्रोंची शिखरे ढगांतून मोकळी असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. त्या दिवशी ती ६० टक्के होती. दहावीला ६० टक्के म्हणजे पहिला वर्ग, असे समजून आम्ही निघालो. दुसरी गोष्ट थालीपिठांची. कांदा कुत्र्याला विषासमान असतो आणि आमच्या शिदोरीतला निम्मा वाटा लाडू घेणार हे ठरलेले, म्हणून पत्नीने बिनकांद्याची थालीपिठे लावली. ज्या घरात चातुर्मासातसुद्धा कांदा सुटला नाही, त्या घरात तो एका लॅब्रॅडॉरसाठी सुटला. माझी आजी हयात असती तर तिने लाडूच्या पायांवर डोके ठेवले असते.

एप्रिलचा दुसरा शनिवार होता. रस्त्याच्या कडेने गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी लगडली होती आणि काच खाली करताच त्यांचा वास आत आला. हा वास हुबेहूब ओल्या नारळाचा असतो. नारळाच्या वड्या थापताना स्वयंपाकघरात जे वातावरण होते, तेच ॲबरफेल्डीच्या अलीकडे काही मैल पसरले होते, आणि पत्नी जागी झाली ती "काय करपतंय का?" असे विचारतच.

वाहनतळावर उतरलो तर समोर मेंढ्या, आणि प्रत्येक मेंढीबरोबर दोनदोन कोकरे. ओळंबा डोंगराकडे झुकतो, हे सिद्ध करायला मॅस्केलिन यांना चार महिने लागले. लाडू मेंढ्यांकडे झुकतो, हे माझ्या खांद्याला चार सेकंदांत कळले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कोणालाही जबाबदारीने वागून कोणाच्याही डोंगरावर हिंडता येते, आणि या उदार तरतुदीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. मात्र कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर २०२१ पासून ४०,००० पौंडांपर्यंत दंड, १२ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रुपयांत हा आकडा ४० लाखांच्या पुढे जातो. एवढ्या पैशांत साताऱ्यात एखादा बरा फ्लॅट येईल, हा विचार मनात येताच मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि तो संपूर्ण फ्लॅट हातात धरून चढायला लागलो.

सह्याद्रीत असे नसते. तिथे पायथ्याच्या गावातला एखादा कुत्रा आपण होऊन पुढे निघतो, चुकलेल्या वाटेवर थांबून आपल्याकडे दयेने पाहतो, आणि गडावर पोहोचल्यावर चार ग्लुकोज बिस्किटे घेऊन मजुरी फिटली असे मानतो. त्याला दोरी नसते, विमा नसतो, आणि त्याने वाटेत जे काही केले त्याची जबाबदारी आपल्यावर नसते. इथे असते. लाडूने पहिल्याच अर्ध्या तासात ती माझ्यावर टाकली. मी खाली वाकून, वाऱ्याचा रोख पाहून, काळ्या पिशवीत तो ऐवज गोळा केला, गाठ मारली, आणि मग लक्षात आले की कचऱ्याचा डबा आता मागे राहिला असून पुढचे पाच तास तरी दुसरा भेटणार नाही. ती पिशवी मी सॅकच्या बाहेरच्या कडीला अडकवली. पावलागणिक ती पाठीवर हलकेच आपटत राहिली, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूने चालणारी पत्नी हळूहळू पुढे निघून गेली.

वाट सुरेख होती. जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये डोंगराचा हा भाग घेतल्यानंतर ती नव्याने बांधून काढली आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबे, "काय देखणा आहे हो!" म्हणे, आणि मी नकळत केसांवरून हात फिरवीपर्यंत त्याने लाडूचा कान खाजवायला सुरुवात केलेली असे. त्याचे नाव, वय, आहार, स्वभाव या सर्वांची चौकशी होई. घामाने निथळणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माझ्याकडे पाहून एका बाईंनी फक्त "त्याला पाणी देताय ना?" एवढेच विचारले.

साधारण तीन चतुर्थांश चढ झाल्यावर वाट संपली आणि दगड सुरू झाले. हे प्रकरण मला कोणी नीट सांगितले नव्हते. शिहॅलियनचा वरचा लांबलचक कणा म्हणजे गारगोटीसारख्या करड्या, धारदार दगडांची रास आहे. कोणी पेटीएवढा, कोणी टेबलाएवढा, मध्ये फटी, आणि पाय टाकताच तिसराच दगड हलतो. शिवाय या कण्यावर फसव्या शिखरांची परंपरा आहे. समोर दिसणारा उंचवटा हाच माथा, असे समजून माणूस प्राण कंठाशी आणून तिथे पोहोचतो, तर पुढे तसाच आणखी एक उभा असतो. पहिल्याला मी हसलो. दुसऱ्याला काही बोललो नाही. तिसऱ्याच्या अलीकडे लाडूने एक पंजा पुढच्या दगडावर ठेवला, तो दगड 'खट' असा वाजला, आणि लाडू खाली बसला. बसला म्हणजे बैल बसतो तसा बसला. थालीपीठ दाखवून झाले, "चल रे राजा" झाले, मुलीचा आवाज काढून झाला. मी मागून ढकलले तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे असे पाहिले की मीच ओशाळलो. त्याला उचलावे म्हणून मी दोन्ही हात पोटाखाली घातले, ३४ किलोंचा अंदाज घेतला आणि हात तसेच बाहेर काढले. तेवढ्यात सत्तरीच्या पुढच्या एक आजीबाई शेजारून टकाटक दगड ओलांडत गेल्या. त्यांचा इवलासा टेरियर पुढे शेरडासारखा उड्या मारत होता.

शेवटी पाळी लावायची ठरली. एकाने लाडूजवळ बसायचे आणि दुसऱ्याने माथ्यावर जाऊन यायचे. आधी पत्नी गेली. अर्ध्या तासाने परतली ती गाल लाल करून. लख्ख ऊन होते, लॉख रॅनॉक हे सरोवर आरशासारखे पसरले होते आणि पार ग्लेन कोच्या डोंगरांवरचा बर्फसुद्धा दिसला, असे तिने सांगितले. "अहो, आता तुम्ही जाऊन या, मी बसते," ती म्हणाली. मी उठलो, सॅक पाठीला लावली, दहा पावले टाकली आणि ढग आला. ६० टक्के तिने वापरले होते. उरलेले ४० माझे होते.

ढगात चालण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण काही दिसलेच नाही. मुगाएवढ्या गारा आडव्या येत होत्या. डाव्या बाजूला कोणीतरी घोरत असल्यासारखा आवाज आला म्हणून मी दचकून थांबलो, तर दगडांतून अर्धे पांढरे, अर्धे तपकिरी असे टारमिगन नावाचे कोंबडीएवढे पाखरू निघाले आणि माझ्याकडे तुच्छतेने पाहून चालत गेले. बऱ्याच वेळाने एका उंचवट्यावर रचलेल्या दगडांचा ढीग लागला. पुढे उतार असल्यासारखे वाटले. मी त्या ढिगावर हात ठेवला, मनात "हर हर महादेव" म्हटले, पांढऱ्या भिंतीसमोर स्वतःचा एक फोटो काढला आणि परत फिरलो.

ठरलेल्या जागी पत्नी नव्हती. लाडूही नव्हता. हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. मी २० मिनिटे त्या दगडावर बसून काढली आणि ४० लाखांपासून पुढे जे जे सुचते ते सगळे मनात येऊन गेले. मग ढग फाटला आणि वरच्या बाजूने मिरवणूक उतरताना दिसली. सर्वांत पुढे टेरियर, त्याच्यामागे शेपटी उभारून दगडांवरून नाचत येणारा लाडू, त्यामागे आजीबाई आणि शेवटी पत्नी. घडले ते असे. मी परतलो नाही म्हणून ती काळजीत पडली. माथ्यावरून खाली आलेल्या आजीबाईंनी तिला धीर दिला, खिशातून ओटकेक काढून लाडूला त्याचा तुकडा दाखवला, आणि जो प्राणी तासभर माझ्या विनवण्यांना बधला नव्हता तो त्या कोरड्या भाकरीमागे शिखरापर्यंत गेला. ढगात आम्ही एकमेकांच्या बाजूने गेलो असणार. "पण तुम्ही कुठे होतात? माथ्यावर तर कोणीच नव्हतं," पत्नीने विचारले. मी बोट दाखवले. आजीबाईंनी तिकडे पाहिले, मग त्याच्या मागे स्वच्छ उन्हात उभ्या असलेल्या खऱ्या शिखराकडे पाहिले, आणि माझ्या दंडावर हलकेच थोपटले. त्या दिवसात मला कोणी थोपटल्याचा हा एकमेव प्रसंग. खुद्द सर ह्यू मन्रो यांनाही १९१९ साली मरेपर्यंत आपली यादी पुरी करता आली नव्हती, असे त्या म्हणाल्या.

ॲबरफेल्डीला रेंज आली तेव्हा साडेपाच वाजले होते, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे दहा. पत्नीने शिखरावर उभ्या असलेल्या लाडूचा फोटो 'लाडूचा पहिला मन्रो' अशा ओळीसह घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच आईचा प्रश्न आला, "फोटोत हा कुठे दिसत नाही?" पत्नीने एका हाताने लाडूचा पंजा पुसत दुसऱ्या हाताने उत्तर लिहिले, "हे वर ढगात गेले. परत आलेच नाहीत, म्हणून मग मी आणि लाडू पुढे गेलो." एवढे पाठवले आणि थंडीने आधीच धापा टाकणारी तिच्या फोनची बॅटरी संपली. माझा फोन सॅकमध्ये होता, आणि सॅक त्या काळ्या पिशवीसह डिकीत.

पर्थला चहासाठी थांबलो तेव्हा मी तो बाहेर काढला. १७ मिस्ड कॉल होते; त्यांतले नऊ धाकट्या काकांचे. मी आईला फोन लावला. पलीकडे बरीच माणसे जमल्याचा आवाज येत होता. मी "हॅलो" म्हणताच तो एकदम थांबला. आई मला दोन मिनिटे बोलली, मग थोडे रडली, मग नाक पुसून तिने विचारले,

"बरं, त्या दगडांनी लाडूच्या पायाला काही लागलं नाही ना?"