इअरबड्सना तांदूळ भरवू नका

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीचा, ऑफिसचा, शाळेच्या बॅचचा आणि चौथा सासरचा, ज्यातून बाहेर पडायची सोय नसते. मेसेज थोडक्यात असा: ‘वायरलेस इअरबड्स चार्ज होत नाहीत? कनेक्ट होत नाहीत? म्हणजे आतली बॅटरी मेली. दुकानदार लुबाडतील, त्याआधी घरीच करा. रात्रभर तांदळात ठेवा. मग दोन तास फ्रीझरमध्ये, बॅटरी नव्यासारखी होते. पिना पॉलिश पेपरने घासा. लॅपटॉपच्या मोठ्या चार्जरने करंटचा झटका द्या. तरी एकच कान वाजला तर ब्लूटूथची चिप उडाली, नवीन घ्या. पुढे पाठवा.’

पुढे पाठवायचं काम लोकांनी इमानेइतबारे केलं. त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही. पण काहींनी उपायही केले, आणि त्यातले तीन जण डबी घेऊन माझ्याकडे आले. (बड चार्ज करायच्या खोक्याला चार्जिंग केस म्हणतात, पण केस म्हटलं की मला आधी डोक्यावरचे आठवतात, आणि ते आता फारसे राहिलेले नाहीत. म्हणून डबी.) मी दुरुस्तीच्या धंद्यातला नाही. वाघबीळहून ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोली, एवढ्या प्रवासात कानात बड असतात आणि ते बिघडले की मी ते उघड्या डोळ्यांनी बघतो, एवढीच माझी लायकी.

सगळ्या मेसेजचा पाया ‘बॅटरी मेली’ हा आहे, म्हणून आधी तोच. एका बडमधली बॅटरी साधारण ३० ते ६० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते, फोनची ५००० च्या आसपास. इवलीशी असल्यामुळे ती रोज भरते, रोज रिकामी होते आणि दोन-तीन वर्षांत दमते, हे खरं. पण दमण्याची रीत ठरलेली आहे. चार तास चालणारा बड आधी तीन तासांवर येतो, मग दोनवर, मग कॉलच्या मध्येच मान टाकतो. कालपर्यंत ठणठणीत असलेला बड आज डबीत ठेवल्यावर दिवाच लावत नसेल, तर पहिला संशय बॅटरीवर घेऊ नका. डबीतून बडपर्यंत वीज पोचतेय का, ते बघा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांचं हेच झालं होतं. उपवनच्या तळ्याकाठी सकाळी फेऱ्या मारताना ते अभंग ऐकतात. डावा बड बंद पडला. ‘टाकून देऊ का रे?’ म्हणाले. म्हटलं, नाना, थांबा, मोबाइलचा टॉर्च लावा आधी. डबीच्या खळग्यात दोन सोनेरी पिना दिसतात. त्यांच्या खाली स्प्रिंग असते, बोटाने दाबल्या तर आत जाऊन परत वर यायला हव्यात. नानांच्या डाव्या खळग्यातली एक पिन वर होती, दुसरी खालीच रुतून बसलेली, आणि तिच्याभोवती तपकिरी चिकट कडं. कानातला मळ, घाम आणि थोडी पावडर, सगळं एकत्र वाळलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापसाच्या काडीवर घेतले (खळग्यात ओतायचं नाही), पिनेभोवती हलक्या हाताने फिरवले. काडी काळी झाली. तिसऱ्या काडीला पिन टुक्कन वर आली. बडच्या पोटावरचे, पिना टेकतात ते दोन धातूचे ठिपकेही पुसले, दहा मिनिटं उघडं वाळू दिलं, बड ठेवला. लाल दिवा.

पण नानांनी माझ्याकडे येण्याआधी मेसेज वाचून पॉलिश पेपर वापरला होता. बडवरच्या एका ठिपक्याचा सोनेरी रंग जाऊन खालचा तांबूस धातू दिसत होता. तो मुलामा शोभेचा नसतो. धातू गंजू नये म्हणून तो असतो, आणि केसापेक्षाही पातळ असतो. जूनपासून घोडबंदर रोडच्या हवेत चपला हिरव्या होतात, तिथे उघडा धातू आणि रोजचा घाम एकत्र आले की काय होणार? आता नानांना दर पंधरा दिवसांनी तो ठिपका पुसावा लागेल. म्हणजे ‘पिना साफ करा’ इतपत मेसेज बरोबर होता, फक्त हत्यार सुताराचं दिलं.

पिना स्वच्छ असूनही बड बसत नसेल तर रबराची टोपी बदललीय का बघा. मोठ्या मापाची टोपी लावली की काही बड खळग्यात पूर्ण खाली जात नाहीत. आणि नव्या कोऱ्या जोडीच्या ठिपक्यांवर पारदर्शक चिकटपट्टी असते. ती न काढता ‘डिफेक्टिव्ह पीस’ म्हणून परत पाठवणारे मी पाहिलेत. एकदा तो मीच होतो.

आता करंटचा झटका. चार्जर वीज ढकलत नाही, डबी हवी तेवढी ओढून घेते. ६५ वॉटचा चार्जर लावला तरी डबी आपले पाच व्होल्ट आणि अर्धा-पाऊण अँपिअरच घेणार. झटका वगैरे काही नाही. गंमत म्हणजे उलटंच घडतं: मोठा चार्जर काही डब्यांना काहीच देत नाही. ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी नवे बड घेतले. लॅपटॉपच्या चार्जरवर, फोनच्या चार्जरवर, कशावरच डबी चार्ज होईना. दोन्ही चार्जर सी-टू-सी वायरचे. दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरवर चार्जर आधी चौकशी करतो, समोर खरंच वीज घेणारी वस्तू आहे का. त्याचं उत्तर डबीच्या आतल्या ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणाऱ्या इवल्या भागांतून मिळतं. ते सापडले नाहीत तर चार्जर वीज सोडतच नाही, आणि नियमाने ते बरोबरच आहे. काही स्वस्त डब्यांत बनवणारे हेच रेझिस्टर गाळतात. बाजारात त्यांची किंमत रुपयाच्या आत असते, तरी गाळतात! जुन्या चौकोनी तोंडाच्या, म्हणजे टाइप-एच्या चार्जरला ही चौकशी ठाऊक नाही. तो सरळ पाच व्होल्ट देतो. बाईंना ड्रॉवरमधून जुन्या फोनचा चार्जर आणि ए-टू-सी वायर काढायला सांगितलं. लगेच दिवा लागला. परत करायची मुदत शिल्लक होती, तरी त्यांनी बड ठेवले, कारण आवाज आवडला. मी परत केले असते. रेझिस्टर गाळणाऱ्याने आत आणखी काय काय गाळलंय कोण जाणे.

फ्रीझरबद्दल थोडक्यात. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, काही नवं होत नाही. बाहेर काढल्यावर, फ्रीजमधला स्टीलचा पेला जसा बाहेरून घामेजतो, तसंच पाणी बडच्या आत धरतं. त्यात गारठलेला बड लगेच चार्जिंगला लावला तर जास्त वाईट. शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली की आत लिथियम धातूचा थर बसतो, तो परत जात नाही, आणि पुढे शॉर्ट व्हायची भीती राहते.

तांदूळ तर त्याहून मजेशीर. जो बड भिजलाच नाही त्यातून तांदूळ काय शोषणार? आणि भिजला असेल तरी तांदळाची पिठी बारीक जाळीत जाऊन बसते. ॲपलनेही २०२४ मध्ये ओला आयफोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं, कारण बारीक कण फोनला नुकसान करू शकतात. भिजलेला बड पुसा, उघड्यावर पंख्याखाली ठेवा आणि वाळेपर्यंत डबीत घालू नका. खोक्यावर आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. बहुतेक वेळा ते बडबद्दल असतं, डबीबद्दल नसतंच.

राहिला एक कान. यात चिपचा दोष क्वचितच असतो. दोन बड आधी एकमेकांशी जुळतात, मग फोनशी. एक पूर्ण उतरला, किंवा एकटाच रीसेट झाला, की ती ओळख तुटते. फोनच्या ब्लूटूथ यादीत कधी एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात, तेव्हा असंच काहीतरी झालेलं असतं. दोन्ही नोंदी काढून टाका. दोन्ही बड चार्ज करून डबीत ठेवा, माहितीपुस्तिकेत सांगितलंय तेवढा वेळ बटण दाबून रीसेट करा, मग नव्याने पेअर करा. त्या वेळी घरातल्या इतर फोनचं, टॅबचं, टीव्हीचं ब्लूटूथ बंद ठेवा. सासऱ्यांचे बड ‘कनेक्टच होत नाहीत’ अशी तक्रार होती. ते शेजारच्या खोलीतल्या टीव्हीला जाऊन चिकटत होते. आणि एक कान वाजतो पण हळू, असं असेल तर जाळीत मळ आहे. मऊ कोरडा ब्रश, तोंड खाली धरून.

ठाणे स्टेशनच्या गर्दीत आवाज तुटतो, तो बिघाड नव्हे. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, माणसाचं शरीर या लहरी शोषतं, आणि संध्याकाळी तिथे दोन्ही भरपूर असतात. फोन मागच्या खिशातून पुढच्या खिशात घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायची पद्धत) ९९० केबीपीएस या वेगावर लावलं असेल तर खाली आणा.

‘दुकानदार लुबाडतील’ यावर मी हो-नाही दोन्ही म्हणेन. बड गोंदाने बंद केलेले असतात, त्यामुळे बॅटरी बदलून देणारा क्वचितच भेटतो, आणि बड किंवा डबी फुगलेली दिसली तर कुठलाच घरगुती उपाय नको, वापर बंद करून ई-कचऱ्यात द्या. पण एक वर्षाच्या आत असेल तर दुकानदार आणि तांदूळ दोघांच्याही आधी वॉरंटीचं बिल शोधा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. नानांच्या बडची वॉरंटी अजून दोन महिने शिल्लक होती. बिल त्यांना सापडलं, पण पॉलिश पेपर फिरवून झाल्यावर.