आठी पडायच्या आत

तुमचं वय २८. कपाळ सपाट, डोळ्यांच्या कडा गुळगुळीत, गाल जागच्या जागी. म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. सुरकुती आल्यावर धावपळ करायची पद्धत जुनी झाली, हल्ली न आलेल्या सुरकुतीवर इलाज करतात. जी आलेलीच नाही ती इलाजानंतर दिसत नाही, त्यामुळे गुण हमखास येतो.

मात्र नुसतं पील किंवा नुसतं बोटॉक्स मागून हसं करून घेऊ नका. कॉम्बिनेशन मागा. आम्लाने वरची त्वचा काढायची, सुईने खालचा स्नायू निजवायचा आणि मग जिथे खड्डा दिसेल तिथे फिलर भरायचं. महापालिकेचं एक खातं रस्ता खोदतं आणि दुसरं बुजवतं, तेव्हा आपण कुरकुरतो. इथे तेच काम एकाच छताखाली, वातानुकूलित खोलीत होतं.

हलकं पील बहुधा ग्लायकोलिक आम्लाचं असतं. ते उसात सापडतं, असं काउंटरवरची मुलगी कौतुकाने सांगेल. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांनी लगेच एफआरपीचा, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराचा, हिशेब मांडू नये. बाटलीतलं आम्ल सहसा रसायनांच्या कारखान्यात बनतं, साखरेच्या नव्हे. त्याच्या वरची पायरी टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल. ते लावलं की चेहऱ्यावर पांढरट थर धरतो, तो कातडीतली प्रथिनं गोठल्याचा. मग काही दिवस पापुद्रे निघतात. या काळात लग्न काढा. सोललेल्या गालांवर पाच सुवासिनींनी हळद चोळली की नातेवाईक किती प्रेमळ आहेत ते कळतं.

पण हौशी माणसाने थेट फेनॉलच्या खोल पीलची चौकशी करावी. १९६० च्या दशकात बेकर आणि गॉर्डन या अमेरिकी डॉक्टरांनी त्याची पाककृती प्रसिद्ध केली: फेनॉल, नळाचं पाणी, द्रव साबण आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा. होय, तोच, ज्याच्या नुसत्या नावाने जुनी माणसं परसाकडे बघत. अनेक वर्षं सगळं श्रेय फेनॉललाच मिळत राहिलं. २००० मध्ये हेटर या प्लास्टिक सर्जनांनी दाखवून दिलं की खोल जाण्याची खरी करामत त्या जमालगोट्याची. फेनॉल रक्तात उतरलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून हे पील मॉनिटर लावून करतात. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर असं खोल पील केलं, तर सुरकुत्यांच्या जागी काळे-पांढरे डाग येण्याचा धोका मोठा. त्यामुळे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ ते टाळायलाच सांगतात. अशा रसभंग करणाऱ्या लोकांकडे जाऊ नका.

आता सुई. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायला निघालेल्या आजीला तुम्ही कसं झापलं होतं, आठवतं? बरोबरच होतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजले की स्नायू लुळे पडतात. बोटॉक्स हे याच जंतूचं विष, अतिसूक्ष्म मात्रेत. आजी फुकट देत होती, ते आपल्याला चाललं नाही. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या आखडणाऱ्या रुग्णांना ते टोचत, तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही मावळल्याचं लक्षात आलं. नवरा त्वचारोगतज्ज्ञ होता, त्यामुळे पुढचं ओघाने आलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने आठ्यांसाठी मंजुरी दिली. भुवयांमध्ये ५ ठिकाणी मिळून २० युनिट, असर ३ ते ४ महिने. म्हणजे वर्षातून साधारण ३ वेळा. २८ व्या वर्षी सुरू करून साठीपर्यंत नेलंत तर ९६ वेळा. गुणाकार करताना कपाळाला आठी पडणार नाही, हा पहिला फायदा.

तोटा एवढाच की मराठी घरातला अर्धा कारभार आठीवर चालतो. मुलाचं प्रगतिपुस्तक, सासूबाईंनी सुचवलेलं मीठ, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने वाचलेला हिशेब: इतकी वर्षं एक आठी पुरत होती. आता राग लेखी कळवावा लागेल. औषध चुकून वरच्या पापणीच्या स्नायूपर्यंत पसरलं तर पापणी काही आठवडे अर्धी मिटलेली राहते. सभेत तेही खपून जातं.

क्रमाचं विचाराल, तर जाणकार हलकं पील आणि बोटॉक्स फार अंतर न ठेवता करतात. मधल्या खोलीच्या पीलआधी आठवडा-दोन आठवडे बोटॉक्स देतात, म्हणजे नवी त्वचा भरून येताना खालचा स्नायू तिला चुरगाळत नाही. फिलर सहसा त्वचा शांत झाल्यावर. यात घाई नसते, म्हणून तुम्ही ‘सगळं आज एकाच बैठकीत’वाली दिवाळी ऑफर शोधा. टोचणाऱ्याची पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी वगैरे विचारणं असभ्यपणाचं आहे. फिलर चुकून धमनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते; हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज तिथे तयार आहे का, हे तर अजिबात विचारू नका. समोरच्या माणसाचा उत्साह मावळेल.

आणि कृपा करून सनस्क्रीन लावू नका. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. असल्या सवयीने क्लिनिकांनी ईएमआयवर घेतलेल्या मशिनांचं काय होईल? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो आला: खिडकीकडचा डावा गाल जख्ख म्हातारा, उजवा बराच तरुण. काच उन्हातल्या यूव्हीए (अतिनील) किरणांना पूर्ण अडवत नाही. आपल्या एसटीच्या चालकाची खिडकी उजवीकडे, तेव्हा त्याने उजव्या गालाचं पॅकेज घ्यावं. टोपी घेऊन हा प्रश्न स्वस्तात सोडवू नये.

सरकारही या कामी मदत करतं. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण नुसतं रूप खुलवण्यासाठी केलेल्या उपचारांवर तो लागतो. न आलेल्या म्हातारपणाला निदान कर खातं तरी आजार मानत नाही.

इतकं करून चेहरा तिशीतच थांबला, की हातांकडे आणि मानेकडे लक्ष जाईल. पुरुषांनी हात खिशात ठेवावेत. साडीला खिसा नसतो, पण हातांचं वेगळं पॅकेज असतं. मानेसोबत घेतलं तर सूट मिळेल, विचारून बघा.