‘वरची ओळ सोडा, बाण दाबा’ हा सल्ला घातक आहे

‘कन्सोल कधीच खोटं बोलत नाही’ या मथळ्याची एक पोस्ट जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांच्या ग्रुपांमधून फिरते आहे. कन्सोल म्हणजे ब्राउझरमधली ती खिडकी, जिथे कोडने लॉग केलेलं, म्हणजे छापलेलं, दिसतं. चार नियम, प्रत्येकापुढे हिरवी खूण. ती माझ्या भाचीपर्यंत पोचली. तिने ती प्रमाण मानली आणि आपल्या कोडमध्ये जागोजागी सेटटाइमआउट (फंक्शन ठरावीक वेळाने चालवण्याची सोय) पेरून ठेवले. म्हणून हे लिहिते आहे.

तिसरा नियम आधी घेते, कारण सगळं नुकसान तिथूनच होतं. तो ॲरेबद्दल, म्हणजे घटकांच्या क्रमवार यादीबद्दल आहे. ‘ॲरे लॉग केल्यावर वरच्या ओळीत रिकामा कंस दिसला तर ती कन्सोलची गडबड समजा. बाण दाबून उघडा, आत दिसतं तेच खरं.’

साफ चूक. कन्सोल आधीपासून उघडा असेल तर क्रोममध्ये ती वरची ओळ ॲरे लॉग झाला त्या क्षणाची असते. आतला मजकूर मात्र तुम्ही पहिल्यांदा बाण (ओळीशेजारचा छोटा त्रिकोण) दाबता तेव्हाचा. कन्सोलने ॲरेची प्रत काढून ठेवलेली नसते, मूळ ॲरेकडे बोट दाखवलेलं असतं. एमडीएन या वेब-तंत्रज्ञानाच्या संदर्भस्थळावर, कन्सोल-लॉगच्या पानावर, हे स्पष्ट दिलंय: ऑब्जेक्टची (ॲरेही त्यातलाच) माहिती गरज पडेल तेव्हा मागवली जाते, त्यामुळे दिसते ती पहिल्यांदा पाहिलं तेव्हाची स्थिती, लॉग केलं तेव्हाची नव्हे. क्रोम तर उघडलेल्या ऑब्जेक्टशेजारी छोटं ‘आय’ चिन्ह दाखवून हेच सांगतो.

स्वतः करून बघा. तीन घटकांचा ॲरे लॉग करा आणि लगेच पुढच्या ओळीत त्याची लेंग्थ (लांबी) शून्य करा. वर तीन घटक दिसतील, बाण दाबला की आत लेंग्थ शून्य. ‘आतलं तेच खरं’ मानलं तर लॉगच्या वेळी ॲरे रिकामा होता असं म्हणावं लागेल. तो रिकामा नव्हता.

भाचीचं याच्या उलट झालं. फेच (सर्व्हरकडून डेटा मागवणं) सुरू केलं, पुढच्याच ओळीत ॲरे लॉग केला. वर रिकामा कंस, आत सगळा डेटा. ‘डेटा तर आलाय, मग पहिला घटक अनडिफाइन्ड (किंमतच नसलेला) का?’ कारण कोडने मागितला तेव्हा तो आलेलाच नव्हता, तिने बाण दाबेपर्यंत आला. रिकामा कंस हीच खरी खूण होती आणि पोस्टने नेमकी तीच दुर्लक्षायला शिकवली. अशा ठिकाणी सेटटाइमआउट नव्हे, अवेट (डेटा येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) हवा. आणि त्या क्षणाची स्थितीच बघायची असेल तर ॲरे जेसन-स्ट्रिंग करून, म्हणजे साध्या मजकुरात बदलून, लॉग करा.

पहिला नियम: ‘चौकोनी कंस म्हणजे ॲरे.’ यात अर्धं तथ्य आहे, ॲरे चौकोनी कंसातच दिसतो. पण नोडलिस्ट, एचटीएमएल-कलेक्शन, आर्ग्युमेंट्स हे ॲरे नसलेले प्रकारही तसेच दिसतात. नोडलिस्टवर मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारी ॲरेची सोय) चालवा, एरर येईल. क्रोममध्ये तर साध्या ऑब्जेक्टला पूर्णांक लेंग्थ आणि स्प्लाइस नावाचं फंक्शन दिलं की तोही चौकोनी कंसात येतो. जेक्वेरी या लायब्ररीचे ऑब्जेक्ट ॲरेसारखे दिसतात ते यामुळेच. कंसाआधीचं नाव वाचा, आणि खात्री हवी तर ॲरे-डॉट-इझॲरे वापरा.

दुसरा नियम म्हणतो, तळाशी प्रोटोटाइपपुढे (ज्या ऑब्जेक्टकडून ॲरेला त्याची फंक्शनं मिळतात तो) ‘ॲरे (0)’ दिसलं तर ॲरे रिकामा. नाही. प्रत्येक साध्या ॲरेखाली ते दिसतं, कारण ॲरेचा प्रोटोटाइप हा स्वतःच शून्य लांबीचा ॲरे आहे.

चौथा, ‘एम्प्टी म्हणजे अनडिफाइन्ड’. ॲरेतल्या न भरलेल्या जागेला कन्सोल ‘एम्प्टी’ म्हणतो. घटक वाचला तर अनडिफाइन्डच मिळतो, तेवढं मान्य. पण फोरईच (हाही घटकागणिक फंक्शन चालवतो) रिकाम्या जागा ओलांडून जातो आणि अनडिफाइन्ड ठेवलेल्या जागेसाठी मात्र फंक्शन चालवतो. पाच जागांचा नुसता ‘न्यू ॲरे’ करून त्यावर मॅप चालवा: फंक्शन एकदाही चालणार नाही.