सावराई सड्यावरचा एक तास

गेल्या डिसेंबरात दाजीपूरच्या जंगलातून सावराई सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलो होतो. सोबत गावातलेच एक वाटाडे मामा. सड्याच्या मध्यावर त्यांनी काठी टेकली. "बसा हितं. तासभर बोलायचं न्हाई."

बसलो. सुरुवातीला हात सारखा खिशाकडं जायचा. रेंज नव्हतीच. खाली काळपट जांभा, त्याच्या भेगांत वाळलेलं गवत, लांबवर रानाची किनार आणि वर नुसतं आभाळ. मग वारा पडला. कोल्हापुरात गजबजलेल्या महाद्वार रोडला वाढलेला मी, माझ्या कानांना असं मोकळं राहायची सवयच नाही. स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला आणि खरं सांगतो, भीती वाटली. आपण किती एवढेसे आहोत ते तिथं अंगावर येतं. हळूहळू ती भीती गेली. मग उठावंसंच वाटेना.

तेवढ्यात गवत उपटल्याचा करकर आवाज. रानाच्या कडेला गवी आणि तिचं तांबूस वासरू. तिनं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, ओल्या नाकपुड्या दोनदा फुगवल्या आणि पुन्हा खाली तोंड घातलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेवढंच.

आणि खालच्या वाटेनं एक गाडी आली, मोठ्यानं गाणी लावलेली. क्षणात दोघं रानात गडप. मामा काही बोलले नाहीत. मला मात्र अजून तो राग आहे.

दाजीपूरचं हे रान ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. आपल्या कोल्हापूर महापालिकेची हद्द ६७ च्या आसपास. पाच कोल्हापुरं मावतील एवढं रान, आणि त्याची शांतता मोडायला एक स्पीकर पुरतो. १९५८ साली हे रान गव्यांसाठी राखलं, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. पाहुण्यांना आपण हे अभिमानानं सांगतो. मग गेटवरच स्पीकर काढून का ठेवून घेत नाहीत? सड्यावर एका वेळी दोन-तीनच गाड्या सोडा. रेलिंग, सेल्फी पॉइंट, टपऱ्या नकोतच. गावातल्या पोरांना रोजगार हवा हे मान्य, पण तो वाटाड्याच्या कामातून मिळू दे. मामांसारखी गप्प बसवणारी माणसं तिथं हवीत.

येत्या थंडीत पुन्हा जाणार आहे. मामांना फोन केला, तर म्हणाले, "या की. पर दोघंच या."