'श्यामची आई'चा पहिला खेळ आणि साने गुरुजी

'श्यामची आई चित्रपटाच्या पहिल्या खेळाला साने गुरुजी आले, पडद्यावर आपली आई पाहून ढसाढसा रडले आणि त्यांनी आचार्य अत्रे यांना मिठी मारली,' असा मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. वाचून गलबलून येतं खरं, पण हे घडणं शक्यच नव्हतं. गुरुजी गेले ११ जून १९५० रोजी आणि अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ मध्ये. म्हणजे वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम गुरुजींनी कधी पाहिलेच नाहीत. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तेही त्यांच्या माघारी.

त्याच मजकुरात 'गुरुजींनी ही कादंबरी पटकथेसाठी लिहिली' असंही एक वाक्य आहे. हे तर कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे! पुस्तक लिहिलं गेलं फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. छापून आलं १९३५ साली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, म्हणून त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, एकूण बेचाळीस. पटकथेचा संबंध कुठे आला?

मजकुरासोबतचा फोटो अत्र्यांच्या चित्रपटातला असेलच असंही समजू नका. सुजय डहाके यांचा २०२३ चा 'श्यामची आई'सुद्धा कृष्णधवलच आहे.