सोडियम घटले म्हणजे मीठ संपले, असे नव्हे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे सोडियम घटले की त्याच्या शरीरातले मीठ संपलेले असते, म्हणून त्याला मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पाजावे आणि तेवढ्याने भागले नाही तर डायलिसिस करून एका दिवसात सोडियमचा आकडा 135 वर (रक्ताच्या लिटरमागे मिलिमोलमध्ये) आणावा, असा सल्ला सध्या मोबाइलवर फिरतो आहे.

यातले पहिले विधानच बहुतेक रुग्णांच्या बाबतीत उलटे आहे. अहवालातला आकडा मिठाचा साठा सांगत नाही. पाण्याच्या मानाने सोडियम किती, एवढेच सांगतो. लघवी कमी झालेल्या रुग्णाच्या नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहत असेल आणि तीन दिवसांत वजन चार किलोंनी वाढले असेल, तर मीठ कमी नाही, पाणी फार झाले आहे. अशा रुग्णाला वर मीठ दिले की तहान वाढते, सूज वाढते आणि पाणी फुप्फुसांत उतरते. जुलाब-उलट्यांनी मीठ खरोखर गेलेले रुग्णही असतात आणि त्यांना सलाइन लागते. पण तो निवाडा रुग्णाला तपासूनच होतो.

ओआरएसच्या लिटरभर द्रावणात सोडियम 75 आणि पोटॅशियम 20 मिलिमोल असते. रक्तातले सोडियम 112 असलेल्या रुग्णालाही ते पातळच पडते, शिवाय ज्याला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही त्याच्या शरीरात त्याची भर पडते.

सर्वांत घातक आहे ती एका दिवसाची घाई. दोन दिवसांहून अधिक काळ सोडियम कमी राहिले की मेंदूच्या पेशी त्या पातळीशी जुळवून घेतात. मग ते झपाट्याने वाढवल्यास मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट होऊन काही दिवसांनी वाचा आणि हातपाय जाऊ शकतात. म्हणून 24 तासांत साधारण 8 पर्यंतच वाढ होऊ देतात. डायलिसिसमध्ये रक्तातले सोडियम यंत्रातल्या द्रावणाच्या पातळीकडे सरकते. नेहमीच्या द्रावणात ते 140 च्या आसपास असते आणि बऱ्याच यंत्रांवर ते 130 च्या खाली आणता येत नाही, त्यामुळे 112 चा रुग्ण चार तासांतच ही मर्यादा ओलांडू शकतो. वाढलेले पोटॅशियम किंवा धाप यांमुळे डायलिसिस टाळता येत नसेल, तर रक्ताचा प्रवाह मंद ठेवून ते थोडा वेळच करतात, किंवा अतिदक्षता विभागात सलग चालणारे संथ डायलिसिस निवडतात. तिथे 140 सोडियमच्या पाच लिटरच्या पिशवीत अर्धा लिटर निर्जंतुक पाणी मिसळले की द्रावण 127 वर येते, आणि दर काही तासांनी रक्त तपासून हे प्रमाण बदलत नेतात.

घाईला जागा आहे ती झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तेव्हा. त्या वेळी 3 टक्के सलाइनचे 100 ते 150 मिलिलिटर शिरेतून देतात, तेही 4 ते 6 इतकीच वाढ साधण्यासाठी. आणि ही वाढ दिवसाच्या मर्यादेतच धरतात.