रिकामी गाडी काट्यावर नेऊ नका

पिकअप घ्यायची ठरवलीच असेल, तर शोरूममध्ये शिरल्या शिरल्या पेलोड विचारू नका. हॉर्न वाजवून बघा. सेल्समन माहितीपत्रकावर बोट ठेवून "१,३०० किलो" म्हणायला लागला की त्याच्याकडं जरा दयेनं बघायचं. गाडी किती उचलते हे कारखान्यात ठरत नसतं, मोंढ्यात ठरतं. तिथं आडतीसमोर गाडी उलटी लावली की हमाल मागच्या टायरकडं एक नजर टाकतो आणि म्हणतो, "टाका की मालक, बसतंय अजून." एवढं स्वस्त टेस्टिंग जगात कुठं होत नाही.

तसा हा रिवाज जुना आहे. २००५ साली टाटा एस आली तेव्हा तिला दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन होतं आणि पाऊण टनाची क्षमता. लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' ठेवलं. त्यातला 'छोटा' पहिल्याच हंगामात गळून पडला.

आता निवड. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही; मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्येच तशी सूट आहे. ७,५०० किलोपर्यंत साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स चालतं, त्यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. सरकार इतकं समजूतदार झाल्यावर आपणही समजूतदारपणा दाखवायला हवा. कागदावर लहान गाडी घ्यायची आणि तिच्यावर आयशर ट्रकचा माल टाकायचा. परमिटचे पैसे वाचले, आयशरचेही वाचले.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक्स-शोरूम आठ लाखांची गाडी त्या हिशेबानं ७ लाख ३७ हजारांच्या आसपास आली, म्हणजे साडेबासष्ट हजार सुटले. हे पैसे डाउन पेमेंटमध्ये घातले तर हप्ता कमी होईल, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सात लाखांचं कर्ज, ११ टक्के, ६० महिने: हप्ता बसतो १५,२०० च्या घरात. तो बसू द्या. सुटलेले पैसे वेल्डरचे आहेत.

इंजिनाचा फार विचार करू नका. सीएनजी घेतली तर पंपावरच्या रांगेत डुलकी काढायला मिळते. डिझेल घेतली तर ती बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातली, आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर तो अधूनमधून स्वतःला तापवून ती काजळी जाळतो. त्यासाठी गाडी थोडा वेळ एका लयीत, मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. तुम्ही मात्र तिला गावातल्या गावात चालवा, आडतीसमोर तासभर चालू ठेवा आणि डॅशबोर्डवर दिवा लागला की आवाज भारदस्त यावा म्हणून सायलेन्सरच कापून टाका. सेन्सरनं बोंब मारली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ताकद तोडते. मग घाट चढताना मागून ट्रॅक्टरवाला हात दाखवून पुढं जातो. जाऊ द्या, तो आपल्याच गावचा असतो.

आता खरं काम: पाटे, म्हणजे मागच्या कमानीच्या लोखंडी पट्ट्या. गाडी घरी आली, नारळ फुटला, टायरखाली लिंबू चिरडलं की हार सुकायच्या आत ती कमानवाल्याकडं न्यायची. "मागून बसते का?" असं तो विचारील. अजून एक कट्टाही टाकलेला नसला तरी "बसते" म्हणायचं. तो दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवतो. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट आता आखूड पडतात. नवे, लांब यू-बोल्ट घालायचा आग्रह धरू नका; नट अर्ध्या आट्यांवर बसला तरी 'बसला' असंच म्हणतात. पाचेकशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट परत आवळायचे असतात, हेही विसरा. पाटे एकमेकांवर बसून दबतात, यू-बोल्ट सैल होतात आणि सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो असतो करंगळीएवढा. एक दिवस तो तुटतो, ॲक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते. मागून बघणाऱ्याला वाटतं वळायली. चालवणाऱ्याला वाटतं सरळ चाललोय. दोघांचंही बरोबर असतं.

पाटे वाढवले की मागचा भाग तीन-चार बोटं उचलला जातो. त्यानं गाडीला ऐट येते. हेडलाइट मात्र त्याच मापात खाली पडतो आणि रिकाम्या गाडीचा उजेड आपल्याच बंपरसमोर सांडतो. तो वर करायला स्क्रू असतो. तो फिरवून घ्या, म्हणजे माल भरल्यावर समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत नेमका जाईल. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर वाजायला लागतात. हा 'टक-टक' आवाज गिअर टाकताना येतो. टेपचा आवाज वाढवला की जातो.

एक बारीकसा भाग मात्र तुमच्या लक्षातसुद्धा येणार नाही, आणि येऊही देऊ नका. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलच्या वर, चेसीला मुठीएवढा एक व्हॉल्व्ह असतो. एलएसपीव्ही म्हणतात त्याला. त्याच्यातून एक काडी निघून खाली ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली बसते, काडी वळते, व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आलंय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असताना दाब कमी, नाही तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. त्याच्यापाशी वजनकाटा नसतो. चेसी किती खाली आली एवढ्यावरच त्याचं ज्ञान. तुम्ही पाटे वाढवलेत. आता दोन टन टाकले तरी चेसी पहिल्याइतकी खाली येत नाही. व्हॉल्व्ह समजतो, गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक अर्धवट लागतात. दोन टनांचा सगळा भार पुढच्या डिस्कवर. मांजरसुंब्याचा घाट उतरताना तिसऱ्या वळणावर पेडल मऊ लागतं, जळका वास येतो. "ब्रेक गरम झाले" असं म्हणून कडेला गाडी लावायची, बाटलीतलं पाणी ओतायचं आणि नव्या डिस्कला तडा जाताना जो बारीक 'चर्र' आवाज येतो तो ऐकायचा. गाडीचे ब्रेक खराब निघाले, असं मग पानटपरीवर सांगता येतं.

पाट्यांनंतर लोखंड. कंपनीच्या हौद्याचा पत्रा पातळ, म्हणून वरून तीन मिलीची चेकर्ड प्लेट टाकायची. तीन मिलीचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्याला साधारण ४.६ चौरस मीटर लागतो, म्हणजे १०८ किलो. नक्षीचं वजन वेगळं. वर जनावरांसाठी जाळी. जनावरं नेणार नसलात तरी जाळी पाहिजे, कारण शेजाऱ्याच्या गाडीला आहे. दोन बाय एक इंची, दोन मिली जाडीचा पाइप मीटरला सव्वादोन किलो. चाळीस मीटर गेला की नव्वद किलो. पुढचं गार्ड चाळीस. (असल्या गार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घालायला सांगितलंय. पण बंदीच्या वस्तूला घासाघीस कमी करावी लागते, हा फायदा आहे.) चार पाटे मिळून पंचवीस. केबिनवरचं कॅरिअर, साखळ्या, पेटी यांचे पस्तीस धरा. बेरीज तीनशेला दोन कमी.

म्हणजे १,३०० मधले तीनशे तुम्ही माल भरायच्या आधीच भरले. पन्नास किलोच्या हिशेबानं सव्वीस कट्टे सोयाबीन न्यायची गाडी आता वीस नेते. उरलेले सहा कट्टे लोखंडाचे. ते लातूरला जाताना सोबत येतात आणि येताना परतही येतात, मोंढ्यात उतरत नाहीत. त्यांना भाडंही कुणी देत नाही, डिझेल तेवढं पितात. म्हणून सांगतोय, रिकामी गाडी काट्यावर कधी नेऊ नका. काट्याचा माणूस पावती हातात देतो, आणि ती घरी कुणाला तरी सापडते.

वेल्डरकडं गेलात की बॅटरीची वायर काढायला लावू नका. वेल्डिंगचा करंट चेसीतून आपली वाट शोधतो आणि कधी कधी ईसीयूतून जातो. चेसीला वरच्या-खालच्या काठावर टाका मारला तर पोलाद तिथंच कडक होतं, आणि वर्ष-दीड वर्षात वेल्डच्या कडेनं केसाएवढी चीर पडते. ती धुळीनं भरते आणि दिसत नाही. धूळ फार उपयोगाची गोष्ट आहे.

विजेचं काम त्याहून सोपं. कंपनीचा हेडलाइट ६०/५५ वॅटचा असतो. त्यात १००/९० चे बल्ब घाला. दोन्ही मिळून डिपरवर नऊ अँपिअर जायचे तिथं पंधरा जातात, आणि तेही रिलेशिवाय (रिले म्हणजे जादा करंट वेगळ्या वाटेनं नेणारा स्विच), त्याच बारीक वायरीतून आणि त्याच प्लास्टिकच्या स्विचमधून. फ्यूज उडायला लागला की सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळायची, नाही तर तांब्याची तार. फ्यूजचं काम उडण्याचं असतं. उडू न देणं हेच मेकॅनिकचं कौशल्य. वर एलईडी पट्टी, तोंडात म्युझिक हॉर्न, केबिनमध्ये वूफर. पुढच्या एखाद्या मे महिन्यात स्टेअरिंगखालून जळक्या रबराचा वास आला, तर तो उन्हाचा आहे असं समजायचं.

दंडाची भीती कुणी घालील. कलम १८२अ प्रमाणे मालकानं केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द वाचून घाबरू नका. बदल मोजायला इन्स्पेक्टरला खाली वाकावं लागतं. ओव्हरलोडला २०,०००, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जास्तीचा माल तिथल्या तिथं उतरवायचा. कट्टे उतरवून घ्यायला दुसरी पिकअप बोलवायची, म्हणजे तिलाही ओव्हरलोड करता येतं.

गाडी तयार झाली, आता काय वाहायचं? उन्हाळ्यात पाणी. हौद्यात दोन हजार लिटरची काळी टाकी बसवा. लिटरला एक किलो, म्हणजे टाकी सोडून दोन टन. पण पाण्याला आपल्याकडं कुणी वजन धरत नाही. ज्या भागात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाण्याची किंमत धरतात, वजन नाही. टाकी नेहमी अर्धी भरा. भरलेल्या टाकीतलं पाणी जागेवर असतं. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर आधी थांबतं, मग निघतं. तुम्ही स्टेअरिंग सरळ केल्यावर ते बाहेरच्या बाजूला जाऊन धडकतं. टँकरमध्ये आडवे पत्रे असतात ते याचसाठी. प्लास्टिकच्या टाकीत नसतात, म्हणूनच तर ती स्वस्त.

हिवाळ्यात कडबा. दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर, वर केबिनच्या दुप्पट. वजन भरत नाही, त्यामुळं अभिमानानं काटा करता येतो. फक्त वस्तीवरच्या लोंबत्या तारांखालून जाताना वर कुणाला तरी बसवा, काठीनं तार उचलायला. काठी सुकी असावी, एवढी काळजी घेतली की झालं. जालन्याची सळई न्यायची तर ती येते ४० फुटी; मधून वाकवली तरी वीस फूट, आणि तुमचा हौदा नऊ. टोकाला लाल फडकं बांधा. फडक्यामुळं सळई मऊ होते. लग्नसराईत वऱ्हाड. मालगाडीत भाड्यानं किंवा फुकट बसवलेल्या माणसांना विमा नाही, हे वऱ्हाडात सांगू नका. बँडच्या आवाजात ऐकू येणार नाही.

पावसाळ्यात काळ्या रानात रिकामी गाडी घालाच. वजन सगळं पुढं इंजिनाचं, ओढणारी चाकं मागं आणि त्यांच्यावर काहीच नाही. पहिल्या मिनिटाला टायरच्या खाचा मातीनं भरतात, दुसऱ्याला टायर गुळगुळीत होतो. चाकाखाली तुराट्या घाला. पऱ्हाटी घालणाऱ्याला खुंट टायरमध्ये सापडतात.

नंबरप्लेट आता हाय सिक्युरिटीची येते, त्यामुळं २१४ चं 'राम' आणि ४१४१ चं 'दादा' करायची सोय गेली. ती कसर मागच्या फाळक्यावर काढा. येडेश्वरी प्रसन्न, आई-वडिलांचा आशीर्वाद, आणि खाली लेकरांची नावं. इंडिकेटर झाकला गेला तरी चालेल, लेकरू सुटायला नको.

दोन वर्षांनी पासिंग येईल. नव्या मालगाडीला पहिलं फिटनेस दोन वर्षांचं असतं. आदल्या दिवशी गार्ड, जाळी, पट्टी, हॉर्न, जादा पाटे, सगळं उतरवून गोठ्यात रचायचं. गाडी तीन-चार बोटं खाली येते. त्या दिवशी आरटीओला जाताना ती जरा वेगळी वाटेल: स्टेअरिंग जागेवर, खड्ड्यात आदळत नाही, पेडल दाबलं की जिथल्या तिथं थांबते. घाबरू नका, बिघाड नाही. वेल्डरला आणि कमानवाल्याला सकाळीच फोन करून ठेवा. संध्याकाळी सातपर्यंत दुकान उघडं ठेवा म्हणावं.